भूतपूर्व पत्नीचा जलतरणविषयक खुलासा

४ फेब्रुवारी

प्रिय (हा शब्द सवयीने पडला आहे, पुरावा म्हणून वापरू नये),

तुझ्या नव्या देशाच्या सरकारने काल सकाळी माझं बिस्कीट बुडवलं. तक्रार लेखी करते आहे, कारण तोंडी तक्रारीला तिकडे किंमत नसते असं तूच एकदा कळवलं होतंस. चहा मनासारखा झाला होता. ऑफिसला निघायला अवकाश होता. बिस्कीट कपात किती वेळ धरलं की मऊ पडतं आणि किती वेळ धरलं की हातात नुसती बोटं उरतात, हे शास्त्र मला आता कुठे या वयात साधलं आहे. नेमका त्याच घटकेला फोन वाजला. मी दचकले, बिस्कीट गेलं, तळाशी त्याचा चिखल झाला. पुड्यातलं शेवटचं होतं. त्याची भरपाई कोणत्या खिडकीवर मागायची तेवढं विचारून ठेव.

फोनवर एक अधिकारीण बाई आणि तिचा दुभाष्या. हा गृहस्थ बहुधा जुन्या पाठ्यपुस्तकात भाड्याने राहतो. "आपण अर्जदाराच्या भूतपूर्व पत्नी काय? संकटसमयी कळविण्याची व्यक्ती म्हणून आपले नाव नोंदविलेले आहे."

संकटसमयी म्हटल्यावर मी ओट्याला टेकले. तो पुढे म्हणाला, चिंता नसावी, अर्जदार कुशल आहेत, ही केवळ पडताळणी आहे. त्याने हे वाक्य आधी म्हणायला हवं होतं.

माणूस सुखरूप आहे असं कळलं की जीभ सुटते. त्यांनी विचारलं त्याहून मी थोडं जास्तच सांगितलं. कधी वेगळे झालो, कधी कागद झाले, तू नवं लग्न केलंस हे माहीत आहे का, असं विचारलं. माहीत आहे म्हटलं. मग सवयी विचारल्या. चहात दोन चमचे साखर आणि वर तक्रार की गोड झाला. झोपायचं ते भिंतीकडे तोंड करून, उशाशी रेडिओ घरघरत ठेवून. बंद केला की जाग येणार आणि लावला की आमची झोप जाणार. कपाटाचं दार उघडं टाकायचं आणि मग त्यावरच डोकं आपटून घ्यायचं. तो लिहून घेत असावा, कारण मध्येच "हळू, हळू" म्हणाला. इतक्या मन लावून तुझ्याबद्दल मला फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी त्याने घसा खाकरला. "भूतपूर्व पती जलतरण करतात काय?"

मी हसले. म्हटलं, बादलीपलीकडे त्यांचा पाण्याशी संबंध नाही. आंघोळीची बादलीसुद्धा ते दुरून हाताळतात. पाण्याला फार भितात.

त्याने आभार मानले. असो. त्या रकान्यातून माझं नाव काढ. सहा वर्षांपूर्वीच काढायला हवं होतं. कपाटाच्या दारासारखं तेही उघडंच राहिलं असणार.

आणि मी 'तू' लिहिते म्हणून भुवया उंचावू नकोस. एकोणीस वर्षं अहो-जाहो केलं. पोटगी मागितली नव्हती, तिच्याऐवजी हे अरे-तुरे घेतलं आहे.

तुझी भूतपूर्व


२६ फेब्रुवारी

नुसतंच पत्र, कारण मायना सुचत नाही,

काल वन्सं आल्या होत्या. घटस्फोटाने नवरा जातो, पण नणंद जात नाही. कायद्यात एवढी त्रुटी राहून गेली आहे. नेहमी त्या येतात ते माझ्या पडद्यांना नावं ठेवायला. काल त्यांनी पडद्यांकडे पाहिलंही नाही, यावरूनच मी ओळखलं. नव्या बायकोला तिकडे बोलावून घ्यायच्या तुझ्या अर्जाला आलेल्या नकाराच्या पत्राची प्रत पर्समधून काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

ते वाचून मला कळलं ते असं. तू पाठीच्या दुखण्यासाठी लांब रजा घेऊन इकडे येतोस, बहिणीकडे राहतोस. डॉक्टर पाण्याचा व्यायाम सांगतात. तलावावर एक प्रशिक्षक बाई तुला पोहायला शिकवते, त्यातून ओळख, ओळखीतून लग्न. तुझ्या अर्जातली ही हकीकत. त्याखाली सरकारचं म्हणणं असं की, एकोणीस वर्षं सोबत राहिलेल्या पहिल्या पत्नीच्या सांगण्यानुसार अर्जदाराला पोहता येत नाही व पाण्याची तीव्र भीती आहे. सबब भेटीची हकीकत विश्वसनीय नाही. सबब विवाह केवळ प्रवेश मिळवण्यासाठी केलेला दिसतो.

दोन 'सबब'मध्ये माणसाचा संसार बसतो, हे मला माहीत आहे. मीही पगार घेऊन अशाच सबबी लिहिते.

वन्सं म्हणाल्या, "बोलायची गरज काय होती तुला? माहीत नाही म्हणायचं."

"पण माहीत होतं ना, वन्सं."

"काय माहीत होतं? आठ वर्षांत तोंड पाहिलंस का त्याचं? माझ्याकडे राहत होता तेव्हा चार गल्ल्या ओलांडून आली नाहीस."

मी म्हटलं, तो पोहायला जातो हे तुम्हीही कधी बोलला नाहीत. तर म्हणाल्या, तू विचारलं नाहीस. त्यानंतर आम्ही दोघी पडद्यांकडे बघत बसलो.

जाताना त्यांनी बजावलं की फेरविचाराची एकच संधी आहे. पुन्हा नकार आला तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. तू सत्तावन्नचा, ती पन्नाशीला टेकलेली. पाच वर्षांनी भेटलात तर संसार कमी आणि औषधांच्या वेळा सांभाळणं जास्त. हे त्यांचं वाक्य, पण मला सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आज तुझी तीन ओळींची मेल आली, सोबत लागणाऱ्या कागदांची यादी. मला पोहता येतं असं लिहून दे. नाही देणार. बावीस वर्षं मी विम्याचे दावे तपासते आहे. जे पाहिलं नाही त्याखाली सही केलेली नाही. तुझा दावा खोटा आहे असं म्हणत नाही. मी तो पाहिलेला नाही, इतकंच.

मी काय पाहिलं ते सांगते. आपण नवे होतो, ऑफिसातली सगळी मंडळी समुद्रावर गेलो होतो. सगळे पाण्यात, मीसुद्धा गुडघ्यापर्यंत, आणि तू दूर कोरड्या वाळूत सगळ्यांच्या चपला राखत बसलेला. जोड्या लावून, ओळीने. लाट आली की ओळ उचलून मागे. मी हाका मारल्या तर तू माझ्या चपला उंच धरून दाखवल्यास, म्हणजे सुरक्षित आहेत. परतीच्या वाटेवर साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, नशीबवान आहेस, फार जपणारा मिळालाय. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. जपलंस खरं. मला, रेडिओला, चपलांना, सगळ्यांना सारखंच.

आता यादीचा विषय निघालाच आहे तर तेही. आठ वर्षांपूर्वी तू तिकडे गेलास आणि मला बोलावून घ्यायला हीच यादी पाठवली होतीस. दोघांचे फोटो, दोघांच्या नावाची बिलं, लग्न खरं असल्याचं दोन परिचितांचं लेखी. मी म्हणाले, ज्याचे मोजे एकोणीस वर्षं शोधले त्याच्याशी माझं लग्न झालंय हे मी खालच्या मजल्यावरच्यांकडून लिहून घेणार नाही. आजही हेच म्हणेन. तू फोनवर एवढंच म्हणालास, बरं.

त्या 'बरं'वर माझा राग आहे. त्या दिवशी भांडला असतास तर मी पुढच्या महिन्यात फोटो चिकटवत बसले असते.

लिहून देणार नाही. कळावे.


९ मार्च

अरे,

ती आली होती. तू पाठवलं नाहीस असं ती म्हणाली आणि मी विश्वास ठेवला, कारण तुला एवढं सुचत नाही.

तिला पाण्यात पाहायचं हे ठरवूनच मी दार उघडलं. दारात रुंद खांद्यांची बाई. आखूड केस, डोळ्यांभोवती गॉगलचे फिकट गोल वळ, जणू सतत कशाचं तरी आश्चर्य वाटतंय. अंगाला तलावातल्या औषधाचा वास. पहिलंच वाक्य, "ताई, मी भांडायला आलेले नाही, पण तुम्हाला भांडायचं असेल तर बसून भांडू. दिवसभर उभी होते." आता अशा बाईशी कसं भांडणार.

फाइल घेऊन आली होती. वकिलाला दिलेले सगळे पुरावे. मी चष्मा लावला आणि धंद्याला बसल्यासारखी बसले. अरे, काय फाइल आहे ती. हे माझ्या टेबलावर आलं असतं तर मी जेवणाच्या सुट्टीआधी फेटाळलं असतं. फोटोंत तुम्ही दोघं ओळखपत्र काढायला आल्यासारखे, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर. मी म्हटलं, वकिलाने काढायला लावले ना? तिने मान डोलावली. निरोपांची छापील पानंच्या पानं: पोहोचलो. बरं. जेवलात? हो. आणि नवरा बायकोला सगळीकडे 'मॅडम' म्हणतो. मी म्हटलं, अहो बाई, याच्यावरून सरकारला वाटणार, हे तुमच्याकडे नोकरीला आहेत.

ती हसली. "तलावावर सगळे मॅडमच म्हणतात. लग्नानंतर दोन दिवस नावाने हाक मारून बघितली त्यांनी. दोघांनाही लाज वाटली."

मग मी तिची तयारी घ्यायचं ठरवलं. मुलाखत पुन्हा झाली तर उत्तरं चोख हवीत. मी एक एक सांगत गेले आणि ती चेहरा पाडत गेली. साखर दोन चमचे, म्हटलं. ती म्हणाली, साखर घेत नाहीत. रेडिओ? रेडिओ नाही घरात. गुणगुणतात मात्र.

"कोण?"

"हे. भांडी घासताना."

"भांडी?"

"सुरात नसतं काही," ती घाईघाईने म्हणाली, जणू मला वाईट वाटू नये म्हणून. "आणि झोपेत बोलतात. सकाळी विचारलं की काय बोलत होता, तर आठवून आठवून सांगतात."

मी चष्मा पुसला. तुझ्या मनात काय आहे हे काढायला मला एकोणीस वर्षांत पकड-सांडशी कमी पडली, आणि हिला तू झोपेतलंसुद्धा आठवून सांगतोस. मी सरकारला ज्या माणसाची माहिती दिली त्याची मुदत केव्हाच संपली होती. हप्ते मात्र मी इमानाने भरत बसले होते.

निघताना मी म्हटलं, हे सगळं ठीक, पण पोहणं मी पाहिलेलं नाही.

"मग बघायला या."

"तो तिकडे आहे ना."

"पाणी इथंच आहे, ताई."


२१ मार्च

अरे,

गेले होते. तलाव त्या दुपारी बाकीच्यांना बंद होता, सफाईचा दिवस. एरवी एवढ्या गर्दीत गेलेच नसते. फाटकावरच्या रखवालदाराला मी आधी गाठलं, ती आत होती तोवर. साक्षीदाराला नेहमी एकट्याला विचारावं. वर्णन सांगितलं, उंच, पाठीत थोडा वाकलेला. तो म्हणाला, "ते होय? पहिले काही दिवस तर पाण्यात पाय टाकला की देवाचं नाव घ्यायचे. कमरेएवढ्या पाण्यात. आम्ही इकडे ऐकायचो आणि हसायचो." मग पोहायला लागला का? "लागले की. शेवटी शेवटी तर घंटा झाली तरी बाहेर निघायचे नाहीत. शिट्ट्या माराव्या लागायच्या."

मी त्याचं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली. पाहिलेला साक्षीदार एक.

खरं तर काम तिथंच संपलं होतं. पण तिने विचारलं, तू कुठं उभा राहायचास ते बघायचंय का. उथळ भागाच्या कडेने भिंतीला धरून एक लोखंडी कठडा आहे, पाण्याच्या जरा वर, हातांनी गुळगुळीत झालेला. ती पायऱ्या उतरली. मी काठावर पाय सोडून बसले. मग कशी कोण जाणे, सलवार-कमीज अंगावर तशीच तीन पायऱ्या खाली गेले, कमरेपर्यंत. पाण्यात गेलं की आपलं वजन कुठे जातं तेच कळत नाही. मी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"अस्सेच," ती म्हणाली. "याच जागी. महिनाभर."

"महिनाभर काय करत होता?"

तिने पाण्यावरचं एक पान उचलून काठावर टाकलं. मग म्हणाली, "बोलत होते. तुमच्याबद्दल."

मला वाटलं, आता निंदा ऐकायला मिळणार, आणि मी पाण्यात असल्याने उठून जाताही येणार नाही. पण तसं नव्हतं. माझ्या जिभेचे किस्से म्हणे. मी घरमालकाला काय उत्तर दिलं होतं ते. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे आले की आपण बाथरूममध्ये उभं राहून हळू आवाजात भांडायचो ते. मी आजारी होते तेव्हा तू केलेला भात आणि मी तो खाऊन केलेलं परीक्षण. त्या दिवशी फोनवर तू 'बरं' म्हणालास तेसुद्धा. बरं म्हणून फोन ठेवल्यावर तू उभाच राहिलास, बसायचं सुचलं नाही, हे मला तिच्याकडून कळलं.

ती म्हणाली, "मी ऐकायची. शिकवायचं निघतच नव्हतं. बाकीचे एका आठवड्यात पाय मारायला लागतात. मला वाटायचं, या माणसाला पोहायचंच नाहीये, नुसतं गार पाण्यात उभं राहून बोलायचंय. मग एक दिवस आले, कठडा धरला, गप्प उभे राहिले. म्हणाले, मॅडम, आज सांगायला काही उरलं नाही. आणि सोडला."

पाणी फार हलत होतं. तीच जरा हलली असेल.

मी काय म्हणाले ते आठवत नाही, बहुधा काहीच नाही, आणि याची नोंद वन्संनी घ्यायला हवी होती. पायऱ्या चढून वर आले तेव्हा दात वाजत होते. तिने स्वतःचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि डोकं पुसायला लागली, आई पुसते तशी रगडून, आणि मी पुसू दिलं. तलावातल्या औषधाने डोळे लाल होतात हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत उतरले नाहीत.

खुलासा जोडला आहे. वकिलाला सांग, एक शब्द बदलायचा नाही:

"मी खाली सही करणारी, अर्जदाराची पूर्वीची पत्नी, लिहून देते की, दूरध्वनीवर मी सांगितले ते खरे होते आणि जुने होते. मी ज्यांच्याबद्दल बोलले ते गृहस्थ पाण्याला भीत, चहात दोन चमचे साखर घेत आणि मनातले बोलत नसत. ते माझे पती होते. या बाई ज्यांच्याबद्दल सांगतात ते पोहतात, भांडी घासताना गुणगुणतात आणि विचारले की सांगतात. त्यांना मी कधी भेटलेले नाही. तलावाच्या रखवालदाराने त्यांना पोहताना पाहिले आहे, त्याचे लेखी सोबत आहे. फोटोंमधील अंतराबद्दल: हे दोघे लाजतात. खोटे जोडपे फोटोत चिकटून उभे राहते, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. 'मॅडम' या संबोधनाबद्दल: ज्या व्यक्तीने आपल्याला बुडू दिले नाही तिला माणूस नावाने हाक मारू शकत नाही, यात गैर नाही. माझा व्यवसाय खोटे दावे ओळखण्याचा आहे. हा दावा खरा आहे."

सही तारखेसकट केली आहे. निळ्या शाईने. तुझ्या यादीत तसं लिहिलं होतं.


२ जून

अरे,

वन्संचा सकाळीच फोन आला. मंजूर झालं एवढंच म्हणाल्या आणि नाक ओढायला लागल्या. मी म्हटलं, वन्सं, पडदे बदलायचा विचार आहे, येता का दुकानात? तर म्हणाल्या, राहू दे, आहेत ते काही वाईट नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

ती येत्या गुरुवारी निघते आहे. सामानात तिने काय काय घ्यावं यावर वन्संची मतं आहेत, ती तुला प्रत्यक्षच कळतील. मी काही सांगायला गेले नाही. तुझ्याबद्दल तिला सांगावं असं माझ्याजवळ आता फारसं नाही. जे आहे ते माझ्याजवळच बरं आहे. समुद्र, बाथरूममधली भांडणं, करपलेला भात. ते तू तिकडे नेलंस असं मला त्या दुपारी क्षणभर वाटलं होतं. पण नाही. सांगून टाकलं म्हणून काही ते तुझं एकट्याचं होत नाही. अर्धं इथंच आहे, कधी उघडून बघते, ठीक असतं.

तिचा टॉवेल एवढे दिवस माझ्याकडे राहिला होता. दोनदा धुतला, पाण्याचा वास जाता जाईना. काल तिसऱ्यांदा धुतला, उन्हात वाळवला, इस्त्री केली आणि ऑफिस सुटल्यावर तलावावर गेले. घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांवर आडवा धरून नेला, रखवालदाराने त्यावरून काहीतरी विचारलं, मी नुसती मान हलवली. बायकांची वेळ चालू होती. ती उथळ भागात होती, माझ्याकडे पाठ करून. एक वयस्क बाई कठड्याला घट्ट धरून उभ्या होत्या आणि एकसारख्या काहीतरी सांगत होत्या. सुनेबद्दल असावं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये हुंकार देत होती, घाई करत नव्हती.

मी हाक मारली नाही. काठावरच्या बाकावर तिची शिट्टी आणि चपला होत्या. त्यांच्या शेजारी कोरडी जागा पाहून टॉवेल ठेवला आणि परत आले.